पांघरुणाचं पांघरूण

घरात पोहायचा तलाव असला की माणूस रोज पोहतो, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तो रोज तलावाच्या पांघरुणाशी झटतो. हे पांघरूण म्हणजे सोलर कव्हर. नाजूक सामान ज्यात गुंडाळून येतं आणि ज्याचे फुगे फोडत बसायला मोठी माणसंही लाजत नाहीत, त्या प्लास्टिकचं हे निळं, थोरलं भावंड.

पहिल्याच दिवशी मी ते उलटं अंथरलं. फुगे वर ठेवले, कारण तसं ते शोभिवंत दिसतं. पण फुगे पाण्याकडे हवेत. त्यांच्यात कोंडलेली हवा पाण्याची ऊब धरून ठेवायला हातभार लावते. ‘सोलर’ या नावानेही माझी चांगलीच दिशाभूल केली. मला वाटायचं, हे दिवसभर ऊन गोळा करत असणार. ऊन पाण्यापर्यंत पोचू देतं हे खरं, पण त्याची खरी चाकरी वाफ अडवण्याची, आणि ती रात्रीही चालूच असते. उघड्या तलावातली सुमारे ७० टक्के उष्णता नुसत्या बाष्पीभवनाने जाते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर जाताना ते इतकी उष्णता नेतं की तेवढ्यात मागचं ५८० लिटर पाणी एका अंशाने थंड व्हावं. हे कळल्यापासून पहाटे पाण्यावरून उठणारी वाफ मला सुंदर वगैरे दिसत नाही. खिशातून पैसे उडताना दिसतात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे पाय आधीच पसरलेले, म्हणून अंथरूण कापायचं. नवं कव्हर काही दिवस पाण्यावर तसंच पडू द्यावं, घड्यांच्या सुरकुत्या मोडल्या की मग काठाकाठाने कात्री चालवावी. मला तेवढा धीर नव्हता. एका कोपऱ्यात अजून वीतभर पाणी उघडं आहे, आणि वाऱ्याने उडालेलं प्रत्येक पान नेमकं तिथेच येऊन पडतं.

काढायची तऱ्हा तर विचारू नका. एकट्याने ओढावं तर ओलं कव्हर पाण्याला चिकटून बसतं, आणि वारा खाली शिरला की त्याचं शीड होतं. दोघांनी ओढावं तर चादरीची घडी घालताना जे होतं तेच: दोघंही एकाच टोकाकडे निघतात. अर्धं काढून उरलेल्या अर्ध्यात पोहण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. हे कव्हर कोणाचाही भार पेलत नाही. वर पाय पडलाच तर ते अंगाभोवती लपेटलं जातं, लहान मूल असेल तर वरून दिसतही नाही. म्हणून एक तर पूर्ण झाकलेलं, नाहीतर पूर्ण उघडं. क्लोरिनचा जास्तीचा डोस द्यायच्या दिवशीही ते बाहेरच हवं, नाहीतर खाली कोंडलेलं क्लोरिन प्लास्टिकच खातं.

या सगळ्यात माझं पहिलं कव्हर गेलं ते उन्हामुळे. हे सांगताना अजून ओशाळायला होतं. घडी घालून काठावर ठेवलं होतं, भर उन्हात, दोन आठवडे. पाण्यावर असतं तेव्हा खालचं पाणी त्याला थंड ठेवतं. घडीत ती सोय नाही. थराथरांत उष्णता साठत गेली आणि फुगे तडकले. पुढे महिनाभर गाळणीच्या जाळीत निळे कपटे सापडत होते. सूर्याच्या नावाने विकली जाणारी वस्तू, आणि तिला जपायचं उन्हापासून!

आता दुसरं आहे. मोसम संपला की साध्या पाण्याने धुतो, वाळवतो, रुळावर गुंडाळतो आणि वर जाड पांढरी चादर घालतो. थोडक्यात, पांघरुणाला पांघरूण. परवा वाऱ्याने ती चादर उडाली आणि सरळ पाण्यावर जाऊन पसरली. तेवढ्या भागात ऊब आली का, ते मी पाय बुडवून पाहिलं. आली नव्हती.