सोलापुरात मेलोडिक रॉक कोण ऐकतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "सोलापुरात राहून हे चाळीस वर्षांपूर्वीचं इंग्रजी रॉक एवढा जीव लावून का ऐकता? ते तर केव्हाच संपलं ना?" यात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर लवकर आटोपतं, दुसऱ्यावर मात्र मला बोलायचंय.

पहिल्याचं उत्तर सोलापूर हेच आहे. मी पूर्व भागात वाढले. घरात मराठी अभंग, शेजारच्या पद्मशाली कुटुंबात तेलुगू भजनं, पलीकडच्या घरात कन्नड गाणी, आणि उरुसाच्या दिवसांत रात्रभर कव्वाली. अर्थ कळायच्या आधी चाल पाठ होणं हे इथल्या मुलांना नवं नाही. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. तिथे टेप लावलेला असायचा, पण मागांच्या खडखडाटात गाण्याचे शब्द कुठले ऐकू यायला! वरच्या पट्टीतली चाल तेवढी कानापर्यंत पोहोचायची. त्यामुळे दादानं पुण्याच्या होस्टेलवरून जर्नी, फॉरेनर, युरोप अशा बँडच्या भरून घेतलेल्या कॅसेटी आणल्या, तेव्हा मला त्यात परकं काही वाटलंच नाही. चाल आवडली, शब्द मागाहून समजले.

ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मेलोडिक रॉकमध्ये गिटार आणि ड्रम्स पूर्ण ताकदीनं वाजतात, पण सगळी ताकद चालीसाठी खर्ची पडते. उंच चढणारा गळा, भरघोस कीबोर्ड, एकावर एक रचलेले आवाज आणि दुसऱ्यांदा आला की आपोआप म्हणावासा वाटणारा कोरस. भजनात धृपद आलं की मागे बसलेला माणूससुद्धा तोंड उघडतो, तसंच होतं ते. बॉस्टन बँडचा १९७६ चा पहिला अल्बम यातला पायाचा दगड. टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला, पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारा इंजिनिअर. त्यानं त्या अल्बमचा बराचसा भाग घराच्या तळघरात स्वतः रेकॉर्ड केला. एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ७० लाख प्रती गेल्या.

मी पेटी वाजवते, म्हणून मला या संगीतातली एक गोष्ट फार जवळची वाटते. आपल्याकडे तानपुरा जुळला की सा पक्का. सगळा खेळ त्या सा भोवती. इथे शेवटच्या कोरसला सा स्वतःच जागा सोडतो. बॉन जोव्हीच्या १९८६ च्या 'लिव्हिन ऑन अ प्रेअर'मध्ये तो जुन्या कोमल गंधारावर जाऊन बसतो, आणि त्या उडीच्या तोंडाशी चार मात्रांऐवजी तीनच मात्रा येतात. कानाला तयारीला वेळच मिळत नाही. पेटीवर वाजवून बघा, बोटांना नवा रस्ता शोधावा लागतो. गाणाऱ्याला तर जीव एकवटून वरच्या पट्टीत जावं लागतं. गाण्यातली दोघं फाटक्या परिस्थितीत एकमेकांना धरून आहेत, हातात फक्त उमेद आहे. त्यांच्यासाठी सुरानं एवढं करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. समीक्षकांनी या संगीताला गुळचट म्हणून हिणवलं. भावना पूर्ण आवाजात सांगणं हा गुन्हा कधीपासून झाला?

आता "संपलं ना?" १९९१ नंतर अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातलं ग्रंज, म्हणजे खरखरीत, उदास रॉक, आलं आणि रेकॉर्ड कंपन्यांनी या बँडकडे पाठ फिरवली, हे खरं. पण आम्ही चाहते कॅसेटच्या आतला कागद वाचणारी माणसं. निर्माता कोण, चाल कोणाची, मागे कोण वाजवतंय, सगळं पाठ. ती नावं पुढे कुठे कुठे गेली ते पाहिलं, की हे संगीत संपलं नाही, घरोघर वाटलं गेलं हे दिसतं.

मट लँग हे नाव घ्या. फॉरेनरचा १९८१ चा अल्बम, डेफ लेपर्डचा १९८७ चा 'हिस्टेरिया' यांचा हा निर्माता. एकच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घ्यायची आणि त्या आवाजांचे थर चढवून कोरसची भिंत उभी करायची, ही त्याची पद्धत. पुढे हाच माणूस कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या, संगीतात गेला आणि गायिका शनाया ट्वेनचा १९९७ चा 'कम ऑन ओव्हर' घडवला. नुसत्या अमेरिकेत त्याच्या २ कोटी प्रती गेल्या. त्यातली फिडल (व्हायोलिन) क्षणभर बाजूला ठेवून कोरस ऐका: खाली रॉकचीच बांधणी आहे. डेस्मंड चाइल्ड 'लिव्हिन ऑन अ प्रेअर'च्या लेखकांपैकी एक. १९९९ मध्ये रिकी मार्टिनचं 'लिव्हिन ला व्हिडा लोका' लिहिण्यातही तोच होता. तीच घाई, तोच झेपावणारा कोरस, फक्त अंगावर लॅटिन कपडे.

मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'वर (१९८२) टोटो या मेलोडिक रॉक बँडची मंडळी आहेत. 'बीट इट'चे ड्रम्स जेफ पोर्कारोचे, एडी व्हॅन हेलनचा सोलो सगळ्यांना ठाऊक असतो पण बाकीची बरीचशी गिटार स्टीव्ह लुकॅथरची, आणि 'ह्यूमन नेचर'ची चाल स्टीव्ह पोर्कारोची. आणि ज्या मॅक्स मार्टिननं १९९८ मध्ये ब्रिटनी स्पिअर्सचं पहिलं गाणं लिहून पॉपचा चेहरा बदलला, तो आधी स्वीडनमध्ये इट्स अलाइव्ह नावाच्या ग्लॅम मेटल (भडक पोशाखातलं, चालीवर भर देणारं रॉक) बँडचा गायक होता. हे मला योगायोग वाटत नाही. कोरसची वाट बघायला लावणं आणि तो आला की पूर्ण समाधान देणं, हे शिक्षण त्या पिढीनं रॉकमध्येच घेतलं.

चाहत्यांचं श्रेय मात्र वेगळं मांडायला हवं. कंपन्या गेल्यावर हे संगीत ऐकणाऱ्यांनीच उचललं. इटलीत नेपल्सच्या सेराफिनो पेरुजिनो यांनी १९९६ मध्ये फ्रंटियर्स ही रेकॉर्ड कंपनी काढली. नाव घेतलं जर्नीच्या १९८३ च्या अल्बमवरून. २००७ मध्ये जर्नीच्या नील शॉननं नवा गायक शोधताना यूट्यूबवर मनिलाच्या आर्नेल पिनेडाला ऐकलं. बँडची गाणी जीव ओतून गाणारा फिलिपिनो गायक त्याच बँडचा आवाज झाला. आमच्या सोलापूरच्या छोट्याशा मंडळींत ही गोष्ट अजून नव्यानं सांगितली जाते. आम्ही उन्हाळ्यात ऊन उतरलं की कुणाच्या तरी गच्चीवर जमतो, एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, मध्ये बोलायचं नाही. नंतर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कडाकडा वाद. त्यात मी एका गोष्टीवर कायम भांडते: १९८९ नंतर काही चांगलं झालंच नाही, असं म्हणणाऱ्या चाहत्यांचं मला पटत नाही. जुन्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारे अल्बमही मला थकवतात. ज्या संगीतानं एवढ्या प्रकारांना दिलं, त्यानं त्यांच्याकडून घेऊही नये का?

घेतंय, हीच आनंदाची गोष्ट. युरोप बँड स्टॉकहोमजवळच्या उपलँड्स वेस्बीचा. त्याच गावातून २००७ मध्ये हीट हा बँड उभा राहिला आणि आवाजाला आजची धार आली. नाइट फ्लाइट ऑर्केस्ट्रा या बँडमध्ये सॉइलवर्कचा गायक आणि आर्च एनिमीचा बास वाजवणारा एकत्र आले, म्हणजे डेथ मेटल या गुरगुरत गायच्या कर्कश प्रकारातली माणसं, आणि त्यांनी कीबोर्डनं झळाळणारी, नाचावंसं वाटणारी गाणी केली. आणि आपल्याकडचं विचाराल, तर गंगटोकचा गिरीश प्रधान. त्याच्या गिरीश अँड द क्रॉनिकल्सचा 'हेल टू द हीरोज' २०२२ मध्ये त्याच नेपल्सच्या कंपनीनं काढला, आणि २०२४ मध्ये तो जॉर्ज लिंचसारख्या गिटारवादकासोबत द एंड मशीन या बँडच्या अल्बमवर गायला. मला कुणी सुरुवात कुठून करू विचारलं, तर हल्ली मी आधी त्याचंच नाव सांगते. बॉस्टन मागाहून ऐका.