साठ हजारांची पुडी कधी थांबवायची?

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल हे औषध आहे, टॉनिक नव्हे. रक्तातली पातळी मिलीमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली गेली की सहसा आठवड्याला एक असा आठ आठवड्यांचा कोर्स देतात. नंतर रोज १,००० ते २,००० युनिट, नाहीतर महिन्याला एक पुडी. बहुतेक घोळ या ‘नंतर’पाशीच होतो. जुनी चिठ्ठी दाखवली की केमिस्ट पुन्हा तीच स्ट्रिप देतो आणि वर्षभर दर रविवारी पुडी चालू राहते. हिशेब केला तर रोजचे साडेआठ हजार युनिट झाले. आयसीएमआरने सांगितलेली रोजची गरज आहे ६००.

त्याहून वाईट म्हणजे ‘आठवड्यातून एक’ऐवजी रोज एक घेणं. महिनाभर तसं चाललं तर १८ लाख युनिट पोटात जातात. रक्तातलं कॅल्शियम चढतं: बद्धकोष्ठता, मळमळ, सारखी तहान, सारखी लघवी, म्हाताऱ्या माणसांत बरळणं, शेवटी क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीसाठी थायझाइड (लघवी वाढवणारी गोळी) चालू असेल तर हे लवकर होतं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे गोळी बंद केल्यावरही कॅल्शियम उतरायला कित्येक आठवडे लागतात.

निरोगी माणसाने ‘असू दे’ म्हणून घ्यावं का? अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जण होते. निम्म्यांना रोज २,००० युनिट, सुमारे पाच वर्षं. कॅन्सर झाल्याचं वा हार्ट अटॅकचं प्रमाण घटलं नाही. २०२२ साली फ्रॅक्चरचे आकडे आले, तेही तसेच. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून ‘कमतरता असेल तर भरून काढा’ एवढंच निघतं, ‘सगळ्यांनी घ्या’ हे नाही. एकदम मोठा डोस तर मला पटतच नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तर पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं (२०१०). आपल्याकडे ६ लाखांचं इंजेक्शन मात्र अजूनही सर्रास टोचतात.

पुडी पोटभर जेवणानंतर घ्यावी, थोडं तूप-तेल असलेल्या. तपासणी तीन महिन्यांनी. त्याआधी पातळी स्थिरावत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, काही लॅबच्या पद्धतीत रिपोर्ट खोटा जास्त येतो.

तान्ह्या बाळाचे थेंब रोज ४०० युनिटचे. बाजारात एका मिलीत ४०० आणि ८०० अशा दोन्ही बाटल्या मिळतात, म्हणून कंपनी बदलली की ड्रॉपरची खूण पुन्हा वाचा.