ज्यांच्या वस्तू आम्ही घेतल्या नाहीत, तेही आले होते

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गावातलं संग्रहालय उघडलं. खरं तर सगळ्यांसाठी ते शनिवारी सकाळी उघडणार होतं. शुक्रवार राखून ठेवला होता तो ज्यांनी पैसे दिले, वस्तू दिल्या किंवा भिंती खरवडून दिल्या त्यांच्यासाठी. इंग्लंडात ही पद्धत सर्रास आहे. मंत्री नाही, फीत नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच. मंडळाच्या अध्यक्षीणबाई एका स्टुलावर चढल्या, चारेक मिनिटं बोलल्या आणि "चला, बघा आता" म्हणून खाली उतरल्या. आपल्याकडच्या उद्घाटनांवर वाढलेल्या मला भाषण संपलंय हे कळायलाच जरा वेळ लागला.

गाव लँकेशायरमधलं, एके काळी कापडगिरण्यांवर जगलेलं. नाव सांगत नाही, कारण पुढे गावकऱ्यांच्या थोड्या चहाड्या आहेत. संग्रहालयाची इमारत जुन्या सार्वजनिक वाचनालयाची. अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याच्या पैशांतून ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये साडेसहाशेच्या वर वाचनालयं बांधली गेली, त्यांतलं हे एक. त्याचा व्यवहार रोखठोक होता: इमारतीचे पैसे मी देतो, जागा आणि पुढचा खर्च गावाने बघायचा. गावाने तो कित्येक दशकं बघितलाही. 2010 नंतर स्थानिक कौन्सिलांच्या अनुदानाला कात्री लागली, देशभर वाचनालयं बंद पडली, त्यात आमचंही गेलं. मग कौन्सिलने लांब मुदतीच्या करारावर, नाममात्र भाड्याने इमारत गावकऱ्यांच्या विश्वस्त संस्थेला देऊन टाकली. छप्पर गळतंय, हे करारात कुठेसं बारीक अक्षरांत होतं.

छपराचे बरेचसे पैसे लॉटरीतून आले. इथल्या राष्ट्रीय लॉटरीच्या प्रत्येक तिकिटातला काही हिस्सा सत्कार्यांसाठी बाजूला निघतो आणि 1994 पासून त्यातला एक वाटा वारसा जपण्यासाठी जातो. बाकीची वर्गणी. ती गोळा करताना मला इथला गिफ्ट एड नावाचा प्रकार कळला. कर भरणाऱ्या माणसाने नोंदणीकृत संस्थेला 10 पौंड दिले आणि एका कागदावर सही केली, की सरकार वर अडीच पौंड घालतं. ही सही मागण्यात आमचे स्वयंसेवक इतके पटाईत झाले की लोक पाकीट काढायच्या आधी पेन काढायला लागले. देणगीदारांची नावं प्रवेशाजवळच्या भिंतीवर आहेत, नुसती वर्णानुक्रमे, रक्कम न लिहिता. त्यावरून मंडळात भरपूर कचकच झाली होती. मोठी रक्कम देणाऱ्या एका गृहस्थांना आपलं नाव शाळेतल्या पोरांच्या खाऊच्या पैशांच्या शेजारी नको होतं. अध्यक्षीणबाई बधल्या नाहीत.

मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही वर्गणीतून उभं राहिलं आणि 1872 मध्ये लोकांसाठी खुलं झालं, हे मी त्या वादात ठासून सांगितलं. वादाशी त्याचा तसा काही संबंध नव्हता, पण सांगून बरं वाटलं.

माझं काम नोंदवहीचं. गुरुवारी दुपारी लोक वस्तू घेऊन येतात आणि मी फॉर्म पुढे करते. लोकांच्या संग्रहालयाला लोकांकडून वस्तू मिळवणं जड जाईल असा माझा समज होता. प्रत्यक्षात जड गेलं ते नाही म्हणणं. शिलाई मशिनं, कुटुंबाचं बायबल, 1953 च्या राज्याभिषेकाचे मग, लोखंडी इस्त्र्या. प्रत्येक घरात हे आहे, प्रत्येकाला ते दुर्मीळ वाटतं आणि प्रत्येकाची मुलं "आम्हाला नको" म्हणालेली असतात. एकदा वस्तू दाखल झाली की तिचा क्रमांक, तिचं खोकं, आम्लरहित कागद, कोरडी जागा हे सगळं कायमचं आपल्या गळ्यात. पुढे नकोशी झाली तर विकून मोकळं होता येत नाही. आधी दुसऱ्या मान्यताप्राप्त संग्रहालयांना विचारावं लागतं. म्हणून धोरण लिहून काढलं: वस्तू या गावाशी जोडलेली हवी आणि तिची गोष्ट सांगणारं कुणी तरी हवं. धोरण लिहिणं सोपं होतं. ते तोंडाने एका ऐंशी वर्षांच्या बाईंना सांगणं सोपं नव्हतं.

त्या बाई आयुष्यभर गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होत्या. त्यांनी आईचं शिलाई मशीन आणलं होतं, नातवाकडून उचलवून. तोवर आमच्याकडे दोन मशिनं आलेली होती. मी कशीबशी समजूत घातली. त्या म्हणाल्या, "बरं लव," आणि उठल्या. इथे ओळखी-अनोळखी सगळ्यांना लव म्हणतात, त्यामुळे राग आलाय की नाही ते कळत नाही.

शुक्रवारी त्या आल्या, लाल कोट घालून. आत एका पेटीत लाकडी धोटे मांडलेत, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारे. त्यांतला एक जुन्या पद्धतीचा, ज्याच्या भोकातून आडवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. दिवसभर हा धोटा तोंडाला लावायचा, तोही एकमेकींचा. रोग पसरायचे, दात किडायचे, तरी ही पद्धत बंद व्हायला 1952 उजाडलं. बाई त्या पेटीपुढे उभ्या राहिल्या आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या आपल्या जुन्या सोबतिणीकडे बघून ओठ हलवायला लागल्या. आवाज अजिबात नाही. ओठ, गाल, भुवया सगळं ताणून, मध्ये एखादा हातवारा. पलीकडून तसंच उत्तर. साच्यांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे म्हणून लँकेशायरच्या विणकर बायका अशाच बोलत. मी-मॉइंग म्हणतात त्याला. मी वाचलं होतं, बघितलं कधी नव्हतं. मधल्या शंभरेक माणसांच्या गलक्यातून त्या दोघींचं संभाषण बिनबोभाट चाललं होतं. काय बोललात विचारलं, तर अध्यक्षीणबाईंच्या बुटांबद्दल.

आमच्या फॉर्मवर वस्तूचं नाव, माप, कशाची बनलीय आणि अवस्था असे रकाने आहेत. या प्रकाराची नोंद त्यात कशी करायची यावर मी आणि आमच्या निवृत्त ग्रंथपालबाई तिथेच दाराशी उभ्या राहून हुज्जत घालत बसलो. दोघींचं चित्रण करायचं, हे ठरलंय. लाल कोटवाल्या बाईंची अट: "आधी केस सेट करून येते, लव."

दुसरे आठवतात ते चाचा. मूळचे पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरकडचे. साठीच्या दशकात मंगला धरणाने तिकडची लाखावर माणसं उठवली, त्यांतली बरीच इथल्या गिरण्यांत आली. रात्रपाळीत तर बहुतेक पाकिस्तानी, भारतीय, बांगलादेशीच असत. गोऱ्या कामगारांना रात्रपाळी नको होती आणि मालकांना महागडी नवी यंत्रं चोवीस तास चालवायची होती. चाचांनी पगाराची खाकी पाकिटं जपून ठेवली होती, आठवड्याआठवड्याची. आम्हाला ती हवीच होती. पण "मालकी बिनशर्त देत आहे" या ओळीशी चाचा अडले. "बेटा, देने को तो दे दूँ, लेकिन कल पोते पूछेंगे तो?" कायमचं उसनं हा प्रकार संग्रहालयं टाळतात, कारण दोन पिढ्यांनी मालक कोण यावर भांडणं होतात. शेवटी पाच वर्षांच्या मुदतीने उसनी घेतली. शुक्रवारी चाचा तीन नातवंडांना घेऊन आले आणि ती पोरं पाकिटांवरचे आकडे बघून हसत सुटली. एवढ्यात काय येतं, म्हणून. चाचांनी त्यांना त्या पगारात घर कसं घेतलं त्याचा हिशेबच ऐकवला.

एक फलक माझ्या वाट्याला आला होता, साठ शब्दांचा. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या काळात तिकडचा कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, लोक अन्नाला महाग झाले. मग आपल्याकडचा कापूस आला. इथे त्याला सरसकट सुरती म्हणत. आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा. देवा, कापूस पाठव पण सुरती नको, अशी इथल्या विणकरांची प्रार्थना सांगतात. त्याच कापसाने मुंबईत पैशांचा पूर आणला, शेअर्सचा उन्माद चढला आणि 1865 मध्ये सगळं कोसळलं. साठ शब्दांत हे बसवताना माझा जीव मेटाकुटीला आला. मुंबईचं वाक्य कापायला मी नकार दिला, शेवटी सत्तर शब्द मंजूर झाले. फलकाशेजारी 1931 मध्ये लँकेशायरमधल्याच डार्वेनला आलेल्या गांधीजींचा गिरणीकामगार बायकांच्या गराड्यातला फोटो आहे. त्यांच्या पोटावर पाय आणणाऱ्या, विलायती कापडावरच्या बहिष्काराचा नेता समोर उभा, आणि बायका हात उंचावून जयजयकार करतायत. शुक्रवारी सगळ्यात जास्त गर्दी तिथे होती.

आता तुमच्याकडे एक काम आहे. इथून हिंदुस्थानात जाणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत लेबलं चिकटवलेली असत, देवदेवतांची, हत्ती-वाघांची, राजेरजवाड्यांची. आपल्याकडे कित्येकांनी ती काढून देवघरात किंवा पेटीच्या झाकणाला आतून लावली. कुणाच्या घरी असतील तर मला त्यांचा फोटो पाठवा, आणि निघत असेल तर मागच्या बाजूचाही. मूळ लेबल पाठवू नका. ते तुमच्या घरात आहे हीच त्याची अर्धी गोष्ट. जुनं कापड तर मुळीच नको. तसलं काही आलं की कसरीच्या भीतीने ते आधी पिशवीत बंद करून उणे 30 अंशांत तीन दिवस ठेवावं लागतं, आणि आमच्या फ्रीजरमध्ये सध्या कुणाच्या तरी आजोबांचा लोकरी गणवेश आहे.