बिल म्हणतं थ्री फेज, पण कुठल्या खोलीला कुठला?

घरात वीज नेमकी कुठे जाते ते मोजणारं यंत्र घ्यायचं ठरवलं, तर दुकानदाराचा पहिलाच प्रश्न: सिंगल फेज की थ्री फेज? म्हणजे घरात वीज आणणारी जिवंत तार (फेज) एक की तीन? आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, वायरिंग जुनं. खालच्या मजल्यावरचे यंत्रमाग कधीच गेले. बोअरची मोटर तेवढी राहिली.

महावितरणच्या बिलावर दर संकेताच्या ओळीतच थ्री फेज लिहिलेलं सापडलं. पण बिल सांगतं ते मीटरपर्यंतचं. आत कुठल्या खोलीला कुठला फेज दिलाय, ते त्याला काय ठाऊक!

नेहमीच्या वायरमन अण्णांना बोलावलं. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, जे काय ते मेन स्विचच्या पुढे, असं त्यांनी आल्याआल्या बजावलं. मल्टिमीटरवर फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास, दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. म्हणजे तिन्ही फेज खरोखर वेगळे. मग ते एकेक एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा स्विच) बंद करत गेले आणि मी काय विझलं ते ओरडून सांगत फिरलो. हॉलसाठी जुना चेंजओव्हर निघाला. एका फेजची लाईट गेली की दुसऱ्यावर टाकायचा. फेज ओळखायचे ते लाल, पिवळा, निळा अशा रंगांनी; म्हणजे हॉल आज लालवर, उद्या निळ्यावर! एका सीटीवर, म्हणजे तारेभोवती बसवून तिचा करंट मोजणाऱ्या यंत्राच्या एकाच कड्यावर, भागवायचा विचार तिथेच सोडला.

मेन बंद करून तीन सीटी बसवले. सीटीत फक्त फेजची तार घ्यायची. न्यूट्रलही आत गेली की जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि आकडा शून्य दिसतो.

पडताळायला २००० वॅटचा गिझर लावला. यंत्रावर उणे १०००!

"गिझर वीज बनवतोय की काय?" अण्णा हसले.

सीटी नुसता उलटा असता तर उणे २००० आलं असतं. बरोबर निम्मा आकडा आला, म्हणजे करंट एका फेजचा आणि व्होल्टेज दुसऱ्या फेजचं धरलं जात होतं. फेजमध्ये १२० अंशांचा फरक, त्याचा कोसाइन उणे अर्धा. जुन्या वायरिंगमध्ये मधेच पिवळ्याला निळी तार जोडलेली, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवण्यात अर्थच नव्हता. दोन सीटींच्या पिना अदलाबदल केल्यावर आकडा सरळ झाला.

आता दिसतंय की फ्रिज, कूलर, पाण्याची छोटी मोटर, सगळं लालवरच लादलंय. पिवळा जवळजवळ रिकामा. उन्हाळ्याआधी कूलर तिकडे हलवायचाय, अण्णांना सवड मिळाली की.