तिथीची पाऊणपट आणि आमचं संमेलन

शाळांची स्नेहसंमेलनं नाताळच्या आगेमागे ठरलेली असतात. मालवणातल्या आमच्या मुलांच्या शिडहोड्यांच्या मंडळाचं संमेलन मात्र पंचांग पुढ्यात घेतल्याशिवाय कधी ठरलं नाही. आमच्या किनाऱ्यावर भरती काढायचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला भरती साधारण तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे भर दुपारी ओहोटी आणि होड्या वाळूत. त्यात वाऱ्याची वेगळीच तऱ्हा. थंडीत सकाळी जमिनीवरून मतलई वाहते, उन्हं चढली की ती पडते, मधे काही काळ पान हलत नाही, आणि जेवणवेळ टळली की समुद्राकडून वारा धरतो. तेव्हा शर्यतीला चतुर्थीसारखी तिथी नाही. पण वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी! अर्ध्या गावाला उपास, आणि सुरमईच्या कढीशिवाय संमेलनाला येतंय कोण? मग तृतीया नाहीतर पंचमी, शिवाय वार रविवारच हवा, शिवाय त्या दिवशी जवळपास कुठे जत्रा नको. कार्यकारिणीची सगळ्यात लांब सभा याच एका विषयावर व्हायची.

मंडळ काढलं ते नौदलातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या एका सरांनी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गावात पिढ्यान्‌पिढ्या शिडं उभारली गेली, मग यंत्रं आली आणि आता तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्या म्होरक्याच्या, नातवालाही वारा कुठून आलाय ते सांगता येत नाही. त्यांनी ऑप्टिमिस्ट नावाच्या छोट्या होडीचे नकाशे आणले आणि गावातल्याच सुताराकडून प्लायवूडच्या दोन होड्या करून घेतल्या. जेमतेम पावणेआठ फूट लांब, एका मुलाने चालवायची, पस्तीसेक किलो वजन, दोघा पोरांनी उचलून पाण्यात न्यावी अशी. पुढचा भाग टोकदार नाही, सरळ कापलेला. पहिल्यांदा ती किनाऱ्यावर ठेवली तेव्हा एका म्हाताऱ्या तांडेलांनी तिला प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, "ही होडी न्हय, काठवट. ह्येका नाळ खंय आसा?" काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, आणि नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. तेव्हापासून गावात आमच्या होड्या म्हणजे काठवटी.

त्या पहिल्या वर्षी संमेलनाला मुलं कमी आणि बघे जास्त होते. आया तर लांब माडाखाली उभ्या. मंडळ वाढलं ते शर्यतींनी नाही, संमेलनाने वाढलं, हे मी खजिनदार म्हणून छातीठोकपणे सांगू शकते, कारण वर्गणीची पावतीपुस्तकं माझ्याकडे असायची. नवी नावं संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी येत.

त्याला कारण सरांची एक युक्ती. भाषणं आटोपली की सर मुलांना सांगत, "चला, उलटवा." समोर, कमरेपेक्षा जरा खोल पाण्यात, एकेक मूल आपली होडी मुद्दाम पालथी करायचं. आयांच्या घोळक्यातून किंकाळी. मग लाइफ जॅकेटमुळे बुचासारखं वर आलेलं डोकं दिसायचं. पोर पोहत होडीच्या बुडाकडे जाई, तिथून वर आलेली मधली फळी दोन्ही हातांनी धरी, तिच्यावर पाय रोवून उभं राही आणि अंग मागे टाकी. आधी काहीच व्हायचं नाही. शिडात पाणी भरलेलं असतं, ते सुटायला वेळ लागतो. मग डोलकाठी हळूहळू वर येई आणि होडी एकदम सरळ. पोर मागच्या बाजूने आत चढे आणि दोरीने बांधलेल्या कापलेल्या डब्याने पाणी उपसायला लागे. होडीत हवा भरलेल्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे काठोकाठ पाणी भरलं तरी ती बुडत नाही, हे सर ध्वनिक्षेपकावरून सांगत. ऐकत कुणीच नसे, सगळे बघत असत.

एका बाईंनी आदल्याच वर्षी मला तोंडावर सांगितलं होतं, "माझा चेडू बुडला तर तुमचो कप घेवन काय करू?" त्यांनी हे प्रात्यक्षिक तीन वेगवेगळ्या मुलांकडून करून बघितलं, चौथ्याला "आता परत उलटय बगूया" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आल्या. पुढे संमेलनाच्या जेवणाचा सगळा कारभार त्यांनीच ताब्यात घेतला. सोलकढीला नारळ किती लागतील यावर त्यांच्याशी वाद घालायची सरांचीही छाती नव्हती.

शर्यतीचा थाट मात्र अगदी कायदेशीर. सुरुवातीला पाच मिनिटं असताना एक बावटा वर, चार मिनिटं असताना दुसरा. हा दुसरा निळा आणि मधे पांढरा चौकोन, तो कुणाच्या तरी जुन्या परकराचा शिवलेला. एक मिनिट उरलं की तो खाली, आणि बरोब्बर शून्याला पहिला खाली. वळसा घालायच्या खुणा म्हणजे नारिंगी रंगवलेले तेलाचे रिकामे डबे, खाली दगड बांधलेले. बक्षिसाला कपाबरोबर खाजा. कप शोकेसमध्ये राहायचा, खाजा घरी पोचेपर्यंत टिकायचा नाही.

आणि ते तांडेल आजोबा! काठवट म्हणून हिणवून गेले खरे, पण शर्यतीच्या दिवशी सगळ्यात आधी येऊन बसत. पहिली शिडं आम्ही गावातल्या शिंप्याकडून मांजरपाटाची शिवून घेतली होती, ती लोंबायची. एकदा आजोबांनी एका मुलाला किनाऱ्यावर थांबवलं. डोलकाठीच्या टोकापासून शिडाच्या खालच्या मागल्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी घडी पडली होती, तिच्यावर बोट ठेवलं. मग शिडाला तोलून धरणारी ती तिरपी काठी होती, तिची दोरी दोन बोटं ओढून बांधली. घडी गेली. सर म्हणाले, पुस्तकात हेच लिहिलंय. आजोबा म्हणाले, पुस्तक कोणी लिवल्यान? पुढच्या वर्षापासून ते आमचे कायमचे प्रमुख पाहुणे, आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण नाही हा नियमही त्यांनीच घातला. इतर मंडळांनी उचलावा असा नियम आहे.

रात्रीचा कार्यक्रम ही आमची खरी चैन. मालवणात संमेलन आणि दशावतार नाही, असं होईल कसं! सर दरवर्षी ऑप्टिमिस्टच्या जन्माची गोष्ट सांगत. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी ऑप्टिमिस्ट क्लब नावाचं सेवाभावी मंडळ होतं. मुलांच्या बिनइंजिनाच्या गाड्या उतारावरून सोडायच्या शर्यती तेव्हा जोरात होत्या. मेजर क्लिफर्ड मॅके यांनी सुचवलं की आपल्याकडे पाणी आहे, वारा आहे, मग मुलांना होड्याच का देऊ नयेत? क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने चार बाय आठच्या दोन प्लायवूड फळ्यांत बसेल, पन्नास डॉलरच्या आत होईल आणि बाप-लेकांना घरी बांधता येईल अशी होडी काढून दिली. हे सगळं ऐकून ऐकून पोरांना पाठ झालं होतं. एका वर्षी त्यांनी त्याचा दशावतारच केला. मृदंगाच्या तालावर मेजर मॅके प्रवेश करते झाले, डोक्यावर राजाचा मुकुट, आणि गर्जले की क्लिअरवॉटर नगरीचा अधिपती तो मीच. प्रजा उताराअभावी दुःखी आहे हे वर्तमान घेऊन नारद आला. मिल्सला दृष्टांत झाला. सर हसून हसून खुर्चीतून घसरले.

नौदलाचे दिलीप दोंदे आयएनएसव्ही म्हादेई या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2010 मध्ये मुंबईला परतले, त्यानंतरच्या संमेलनात दुसरा विषय शक्यच नव्हता. प्रदक्षिणा करणारा पहिला एकटा भारतीय, त्यातून मराठी माणूस, आणि होडी बांधलेली गोव्यात दिवाडीला, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या शेजारीच. रंगमंचावर त्यांच्या वाटेतल्या चार बंदरांच्या चार खुर्च्या मांडल्या होत्या: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन. दोंदे झालेली मुलगी होती, तीच ती, चेडू. प्रत्येक बंदरात तिला कुणीतरी खाजा देत होतं.

ऑप्टिमिस्ट पंधराव्या वर्षापर्यंतच. त्यामुळे दर संमेलनात काही मुलं होडीतून उतरायची. निरोपाचं भाषण वगैरे नको म्हणून आम्ही ठरवलं होतं की जाणाऱ्याने आपल्या होडीचं सुकाणू नव्या मुलाच्या हातात द्यायचं आणि त्याला एक खोड सांगायची. "उजवीकडे जरा ओढते." "बूड गळतं, डबा विसरू नको." काही जण पुढे मोठ्या होड्यांवर गेले, काही व्यापारी जहाजांवर, बरेचसे पर्यटकांच्या बोटींवर. संमेलनाला मात्र सुट्टी काढून येतात आणि खुर्च्या लावताना धाकट्यांवर हुकूम सोडतात.

आता मंडळाकडे फायबरच्या होड्या आहेत, शिडं नीट कापडाची आहेत, पाहुण्या गावांचे संघ येतात. पहिल्या दोन प्लायवूडच्या काठवटी छपराखाली पडून होत्या. एका रिसॉर्टवाल्याने दारात फुलझाडं लावायला त्यातली एक मागितली, आणि मागच्या सर्वसाधारण सभेत त्यावरून रण माजलं. मंडळाची पहिली होडी, तिच्यात झेंडू? मीही विकायच्या विरोधात होते. आजोबा बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ठेवन काय लोणचा घालूचा आसा?" मतदान झालं, होडी गेली, आणि आलेल्या पैशांत दोन नवी शिडं बसली. रिसॉर्टवाल्याने झेंडू नाही, अबोली लावलीय.