साथीदारांचे पाकीट

पुण्यातील एका विद्यापीठाच्या संगीत विभागाने ‘मंचप्रदर्शन आणि उद्योजकता’ या विषयावर सहा तासिका घेण्यासाठी मला बोलावले. मी स्वतः अशाच एका विभागातून गायन शिकले. तिथे पैशाचा विषय फक्त फी भरण्याच्या खिडकीपाशी निघत असे, त्यामुळे नाही म्हणवले नाही. पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले की, ८० खुर्च्यांच्या सभागृहात तुमची स्वतःची संगीताची बैठक ठेवायची आहे असे धरा आणि तिचा जमाखर्च मांडून आणा.

एका विद्यार्थिनीचा कागद मी जपून ठेवला आहे. तिकीट २०० रुपये, सगळ्या खुर्च्या भरल्या असे धरून जमा १६,०००. खर्चात सभागृहाचे भाडे ५,०००, ध्वनिव्यवस्था ४,०००, तबला ४,०००, संवादिनी (पेटी) ३,०००, पत्रिका आणि चहा १,५००, एकूण १७,५००. म्हणजे सभागृह तुडुंब भरूनही १,५०० रुपयांचा खड्डा, आणि ‘आमचे दोन पास बाजूला ठेवा हं’ म्हणणारे आप्तेष्ट तर हिशेबात धरलेलेच नव्हते. गायिकेची बिदागी कुठेच दिसली नाही, म्हणून विचारले, तर ती संकोचून म्हणाली, “ताई, आपल्याच कार्यक्रमात आपण कसे घ्यायचे?”

तरीही हा वर्गातला सर्वांत प्रामाणिक कागद होता, कारण निम्म्याहून अधिक कागदांवर साथीदारांसाठी एक रुपयाही धरलेला नव्हता. यात मुलांचा दोष नाही. विभागात तबल्याचे संगतकार ठरल्या वेळी येऊन बसतात, विलंबित एकतालाचा ठेका तासभर धरतात आणि त्यांचे वेतन परस्पर कार्यालयातून होते. चार-पाच वर्षे असा ठेका मिळाला की तो विजेच्या दिव्यासारखा वाटू लागतो, बटण दाबले की लागणारा. माझेही तसेच होते. शिक्षण संपल्यावरच्या माझ्या पहिल्या कार्यक्रमात आयोजकांनी शाल, श्रीफळ आणि ‘पुढच्या वर्षी नक्की पाहू’ एवढ्यावर बोळवण केली. ज्या तबलजींना मीच शब्द दिला होता, त्यांना पैसे पोहोचवायला मला तीन आठवडे लागले. ते एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्यानंतर माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत.

कलावंताने पैशाचे बोलू नये, हे आपल्याकडे परंपरेच्या नावावर खपवले जाते. पण परंपरा जरा उघडून पाहिली तर निराळेच दिसते. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते कोणा संस्थानिकाच्या पदरी न राहता, लोकांच्या आश्रयावर. त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, स्वरलिपीची पुस्तके छापली आणि मुंबईत कर्ज काढून इमारत उभी केली. ती इमारत पुढे सावकारांच्या हाती गेली, हेही मी वर्गात सांगितले. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये भागीदारीत सुरू केलेली गंधर्व नाटक मंडळी प्रेक्षकांच्या तुफान गर्दीतही कर्जात बुडाली. गाणे कमी पडले म्हणून यातले काहीच झाले नाही. वसंतराव देशपांडे तर कित्येक वर्षे पुण्यातल्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी करून गात राहिले.

भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरूच्या स्मृत्यर्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव हे व्यवहार गाण्यालाही कसे वळण देतो याचे पुण्यातले सर्वांत जवळचे उदाहरण. हा महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. उघड्या मांडवातल्या ध्वनिवर्धकांवर रात्री दहाची मर्यादा आली, तशी सत्रे दुपारकडे सरकली. परिणामी मुलतानी, भीमपलास या दुपारच्या रागांना मंच मिळाला आणि उत्तररात्रीचे राग मागे पडले. परवानगीचा एक कागद कोणता राग गायला जाईल हे ठरवतो, हे मुलांना कर आणि कायद्यापेक्षा अधिक पटले.

कराचे मी थोडक्यात उरकले. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही. शास्त्रीय किंवा लोककलेच्या एका कार्यक्रमाचे मानधन दीड लाखांपर्यंत असेल, तर कलावंतालाही तो लागू होत नाही. फ्यूजन वाजवणाऱ्या एका मुलाचा चेहरा पडला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाईपर्यंत नोंदणीचीच गरज नाही, असे सांगून मी त्याला धीर दिला. त्यावर वर्ग बराच वेळ हसला.

शेवटच्या तासिकेच्या आधी त्या विद्यार्थिनीने ती बैठक खरोखरच केली. ध्वनिव्यवस्था तिने काढून टाकली. ८० माणसांपुढे ध्वनिक्षेपक लागत नाही, उलट तानपुऱ्याची आस, म्हणजे तारेचा रेंगाळणारा नाद, त्याशिवायच नीट ऐकू येते. तानपुऱ्यावर धाकट्या वर्गातल्या दोघी बसल्या. तिकीट २५० केले आणि पास एकही दिला नाही, मामालासुद्धा. ६२ तिकिटे खपली, १५,५०० जमा झाले. तबला आणि संवादिनी यांची पाकिटे तिने सकाळीच भरून पर्समध्ये ठेवली होती, ती मध्यंतरात दिली. सगळा खर्च १३,५००.

हिशेब दाखवताना तिने खाली ‘शिल्लक २,०००’ असे लिहिले होते. मी तो आकडा खोडून खर्चाच्या रकान्यात न्यायला सांगितला. बराच वेळ विचार करून तिने संवादिनीच्या खाली ‘गायन’ असे लिहिले, पण पेन्सिलीने.