धंदा रक्तात असावा लागतो का?

धंदा जमणं हे रक्तावर, संस्कृतीवर अवलंबून असतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लहान उद्योगांचे हिशेब तपासणं हे माझं काम. ज्याच्या घरात आधी कुणी धंदा केलेला नाही असा माणूस समोर असला, की आकडेमोड संपल्यावर हळूच विचारतो, "आमच्या रक्तातच नाही हो धंदा. जमेल का?"

रक्ताचंच म्हणाल तर जपानकडे बघा. ओसाकाची कोंगो गुमी ही देवळं बांधणारी पेढी ५७८ साली सुरू झाली आणि २००६पर्यंत, तब्बल चाळीस पिढ्या, एकाच घराण्याकडे राहिली. पण मुलगा नसला किंवा असून कर्तबगार नसला, तर त्या घराण्यात जावयाला दत्तक घेत, आपलं आडनाव देत आणि कारभार त्याच्या हाती सोपवत. तिथल्या अनेक व्यापारी घराण्यांची हीच रीत. आडनाव टिकलं, रक्त बदलत गेलं.

संस्कृतीचा धंद्यावर परिणाम होतोच. पण ज्याला आपण स्वभाव समजतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा एखादा नियम असतो. सिलिकॉन व्हॅलीतल्या इंजिनिअरांच्या बिनधास्तपणाचं कौतुक होतं. कॅलिफोर्नियात मात्र १८७२पासूनच 'नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाणार नाही' असा करार कायद्याने रद्दबातल आहे. अमेरिकेतच दुसऱ्या टोकाला, बॉस्टनजवळच्या तंत्रज्ञान कंपन्यांना मात्र असे करार कोर्टात लावून धरता येत. मग माणसं कुठे मोकळेपणाने कंपन्या बदलणार आणि नव्या काढणार?

बुडण्याच्या धास्तीचंही तेच. जर्मनीत १९९९च्या कायद्याआधी दिवाळं निघालेल्या माणसामागे जुनं कर्ज तीस-तीस वर्षं लागायचं. आता तीन वर्षांत सुटका होऊ शकते. त्या जुन्या काळात तिथे लोक धंद्यात पडायला कचरत असतील, तर त्यांना भित्रे म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

आमच्या कामात संस्कृतीचा हा परिणाम एका रकान्यात दिसतो. मध्यंतरी एका तरुण उद्योजकाच्या येण्यांची, म्हणजे त्याला लोकांकडून यायच्या पैशांची, यादी बघत होतो. नाव, रक्कम, वसुलीची तारीख, सगळं नीट. फक्त तीन नावांपुढे तारीख कोरी.

"हे काय?"

"ते घरचे आहेत, सर."

मालवाल्यांची बिलं मात्र तो ओव्हरड्राफ्ट काढून वेळेवर भागवत होता. म्हणजे त्या तीन कोऱ्या चौकटींचं व्याज महिन्याच्या महिन्याला बँकेला जात होतं. नफा का राहत नाही, याचं निम्मं उत्तर तिथेच होतं. 'नातं बाजूला ठेव' असं मी त्याला म्हणालो नाही, म्हणणारही नाही. बँकेने दारात उभं केलं नव्हतं, तेव्हा याच तिघांनी कागद न मागता पैसे दिले होते. ज्या मायेवर धंदा उभा राहिला, तीच आता त्याचा हात धरून ठेवत होती.

मी एवढंच म्हणालो, "तारीख घाल. लांबची घाल, पण घाल."

बराच वेळ तो पेन फिरवत बसला. मग दोन नावांपुढे तारखा लिहिल्या आणि तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे काका आहेत. यांना आधी भेटून सांगतो, मग लिहितो."